पगार म्हणायचं नाही!

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे आणि आज मी भयंकर चिडलेलो आहे. गोड गोष्ट ऐकायला मिळेल अशा आशेने बसला असाल तर आत्ताच उठा. माझं नाव पगार. हो, तोच! महिना संपत आला की घरोघरी ज्याची वाट बघतात, आला की चार दिवस ज्याच्यामुळे घरात हसणं-खिदळणं चालतं, आणि मग 'कुठे गेला कळलंच नाही' म्हणून ज्याच्या नावाने बोटं मोडतात, तो मी.

लोकांना वाटतं, शब्दाला काय होतंय? ना भूक, ना तहान, ना गुडघे दुखायची भानगड. खरं आहे. पण शब्दाला अपमान कळतो. माझ्या जागी एखादी जुनी खुर्ची असती तर ती म्हणाली असती, मला अडगळीत टाकलं, माझ्यावर धूळ साचली. माझं तसं झालं नाही. माझ्यावर चक्क बंदी घातली. एका इमारतीत माझं नाव तोंडातून निघालं की दंड भरावा लागत असे! ती हकीकत सांगायलाच मी बसलोय. पण आधी माझं घराणं ऐकून घ्या, म्हणजे माझा राग फुकटचा नाही हे तुम्हाला पटेल.

मी मूळचा इथला नाही. काही शतकांपूर्वी पोर्तुगीज लोक शिडांची जहाजं घेऊन आले, त्यांच्या तोंडून मी उतरलो. त्यांच्या भाषेत माझा अर्थ देणं चुकतं करणं. नेमक्या कोणाच्या जिभेवरून कोणाच्या जिभेवर मी उडी मारली ते मला आठवत नाही. पण मला आपलं असं वाटतं, की बंदराच्या धक्क्यावर कोणीतरी दिवसभर ओझी वाहिली असतील, संध्याकाळी हात पुढे केला असेल, आणि त्या हातावर नाणी ठेवताना समोरचा माझं नाव बोलला असेल. ओझी वाहणाऱ्याला त्या परक्या भाषेतलं दुसरं काही कळलं नसेल, पण मी कळलो असणार. मी कोणालाही पटकन कळतो. माझी भावंडंही त्याच लोकांबरोबर आली. बटाटा आला, घमेलं आलं, बादली आली, इस्त्री आली. आम्ही सगळे इथे असे मुरलो की आम्ही बाहेरचे आहोत असं सांगूनही कोणाला खरं वाटत नाही.

त्याच्याही मागे जायचं तर पोर्तुगीज ही लॅटिनची लेक. त्या लॅटिनमधल्या माझ्या पूर्वजाचा अर्थ होता शांत करणं. 'शांतता' या अर्थाच्या शब्दातूनच तो निघाला होता. ऐकायला गंमत वाटेल, पण जरा विचार करा. एखाद्याने तुमच्यासाठी दिवसभर राबायचं आणि तुम्ही त्याला ठेंगा दाखवायचा, तर दोघांच्या मध्ये काय उरणार? भांडणच ना? ज्याचं त्याला दिलं की ते मिटतं. तू मोकळा, मी मोकळा. कोणाचे कोणावर उपकार नाहीत आणि कोणी कोणाचा मिंधा नाही. असा मी, शांततेच्या घराण्यातला! आणि माझी ही अवस्था करून ठेवली आहे लोकांनी.

इथे आलो तेव्हा माझ्या आधीपासून बरेच जण ठाण मांडून बसले होते. वेतन होतं, ते संस्कृतातलं, सरकारी कागदांवर ताठ बसणारं. मजुरी होती, रोजंदारी होती. आणि मानधन. मानधनाशी माझं वैर नाही बरं का. एखादा गवई एका संध्याकाळी येऊन गाऊन जातो. त्याच्या गाण्याची किंमत कशी करणार, म्हणून आपण संकोचाने एक पाकीट त्याच्या हातात देतो. त्याला वाटलं तर तो येईल, नाही वाटलं तर येणार नाही. तिथे मानधन शोभून दिसतं. पण जिला सकाळी सातच्या आत सही करावी लागते, जरा उशीर झाला की जिचे पैसे कापतात, तिला मानधन? मान काय कापून घेतात का कधी? हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तर आता त्या इमारतीबद्दल.

इमारत तीन मजली होती. लांब व्हरांडे, दोन्ही बाजूंना खाटा, फिनेलचा आणि औषधांचा वास. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना तिथे ठेवून घेत. त्यांची मुलं-बाळं महिन्याची फी भरत, वर देणग्याही येत. ती संस्था चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. ताई काही राक्षसीण नव्हत्या, उगाच खोटं कशाला सांगू? आपल्या आजारी वडिलांची सेवा करता करता त्यांनी शेजारच्या आणखी दोन म्हाताऱ्यांना घरात घेतलं आणि त्यातूनच ही संस्था उभी राहिली. त्या राहायच्याही तिथेच, सर्वांत वरच्या मजल्यावर. कामावरच्या प्रत्येक बाईचा वाढदिवस त्यांना पाठ असायचा. केक यायचा, गाणं म्हटलं जायचं, ताई स्वतःच्या हाताने घास भरवायच्या. आणि याच ताईंनी माझा गळा दाबला. म्हणून तर माझा राग जास्त आहे. दुष्ट माणसाने लाथ मारली तर माणूस निदान ओरडतो तरी. इथे तोंडात केक कोंबलेला!

मागच्या बाजूला धुलाईची खोली होती. दोन मोठी मशीनं, वाफ, ओल्या चादरींचे ढीग आणि एक लांब टेबल. तिथे एक बाई काम करायची. तिला सगळे घडीबाई म्हणत, कारण तिच्यासारखी घडी कोणाला जमत नसे. चादर झटकून, चारही कोपरे जुळवून, वरून इस्त्री फिरवली की ती चादर अशी सपाट व्हायची की हात घसरावा. हा काही नुसता टापटिपीचा शौक नव्हता. जो माणूस कुशीवर वळू शकत नाही, त्याच्या पाठीखाली एक चुणी राहिली तरी तिथली कातडी लाल होते, मग जखम होते, आणि मग ती जखम लवकर भरत नाही. घडीबाईच्या चादरीवर झोपलेल्या म्हाताऱ्यांना अशा जखमा क्वचितच होत. ताई पाहुण्यांना हे अभिमानाने सांगत.

घडीबाईचा नवरा वारला होता. ती आणि तिची मुलगी भावाच्या घरी राहायच्या. तुम्ही म्हणाल, मग काय बिघडलं, भाऊच आहे ना? अहो, भाऊ चांगला होता, वहिनीही काही वाईट नव्हती. पण दोन खोल्यांत सहा माणसं. मुलगी आता मोठी झाली होती. तिला कपडे बदलायचे असले की घडीबाई कपाटाचं दार सताड उघडून धरायची आणि त्या दाराच्या आडोशाला पोर घाईघाईने कपडे बदलायची. एकदा मामेभाऊ मित्रांना घेऊन तसाच आत आला.  त्या दिवसापासून मुलगी शाळेचे कपडे अंगावर घालूनच झोपायला लागली. घडीबाईने ते पाहिलं आणि ठरवलं, आता बस! एक खोली घ्यायची. एकच, पण आपली.

आता तुम्हाला दंडाचं सांगतो. संस्थेच्या एका वाढदिवसाला ताईंनी भाषण केलं. "पगार नोकरांना असतो," त्या म्हणाल्या, "आपण नोकर आहोत का? आपण कुटुंब आहोत! आजपासून या घरात पगार म्हणायचं नाही. आपण मानधन घेतो." टाळ्या पडल्या. आणि मग ताईंनीच हसत हसत एक बिस्किटाचा डबा आणून जेवणाच्या हॉलमध्ये ठेवला. झाकणाला चीर पाडलेली. जो पगार म्हणेल त्याने त्यात एक नाणं टाकायचं, साठलेल्या नाण्यांचं सगळ्यांनी मिळून सरबत प्यायचं. म्हणजे बघा, माझ्या नावाने दंड वसूल करून वर माझ्याच तेराव्याचं सरबत!

आणि चीड कशाची येते सांगू? तो खेळ ताईंनी सुरू केला, पण चालवला बायकांनी. स्वयंपाकघरातल्या काकू तर या खेळात पटाईत झाल्या. कढईतला झारा हातात घेऊन त्या कान टवकारून बसायच्या. कोणी जरा घसरलं की, "म्हणाली! म्हणाली! काढ नाणं!" घडीबाईनेही दुसऱ्यांना पकडून दिलं होतं आणि पोट धरून हसली होती. हळूहळू मला सगळ्या जणी 'ते' म्हणायला लागल्या. "काय गं, ते झालं का?" "कोण ते?" "ते गं, महिन्याचं." मी जणू काही चोरीचा माल! माझी भावंडं, बादली आणि इस्त्री, त्याच इमारतीत दिवसभर नाव घेऊन हाकारली जात होती. त्यांना कोणी दंड लावला नाही. त्यांचं नाव घेतल्याने कोणाचं काही जात नव्हतं ना!

घडीबाईला खोली सापडली. गल्लीच्या टोकाला एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर राहायचे, त्यांच्या घराची मागची खोली. स्वतंत्र दार, कोपऱ्यात ओटा, एक खिडकी. मास्तरांनी सगळं दाखवलं, नळ सोडून पाणी दाखवलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही मला चांगल्या वाटता. पण मागच्या भाडेकरूने माझ्या तोंडाला पानं पुसली. आता मी नोकरदार माणसालाच खोली देतो. तुमच्या पगाराचा दाखला आणा, रविवारपर्यंत मी थांबतो. आणखी एक जोडपं मागे लागलंय."

"आणते की," घडीबाई म्हणाली. "त्यात काय एवढं!"

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ती हॉलमध्ये ताईंजवळ गेली. "ताई, मला एक पगाराचा दाखला हवा होता."

"म्हणाली!" काकू ओरडल्या. सगळ्या हसल्या. घडीबाईही हसली, कनवटीचं नाणं काढून तिने डब्यात टाकलं आणि पुन्हा म्हणाली, "खरंच हवाय पण. खोलीसाठी."

ताईंनी कप खाली ठेवला. "अगं, पण तसा दाखला मी कसा देणार? तुला पगार कुठे आहे? मानधन आहे. थांब, मी तुला छान पत्र देते." आणि दिलं. खरोखर छान होतं ते! 'सदर भगिनी आमच्या कुटुंबाच्या एक प्रेमळ सदस्य असून त्या सेवाभावाने कार्य करतात व संस्था त्यांना यथाशक्ती मानधन देते.' खाली सही, शिक्का, बाजूला फुलाचं चित्र.

मास्तरांनी ते पत्र चष्मा पुसून दोनदा वाचलं. त्यांचा काही दोष नव्हता, मित्रांनो. त्यांनी सरळ प्रश्न विचारले.

"यथाशक्ती म्हणजे? त्यांची शक्ती संपली तर?"

"नाही हो, दर महिन्याला देतात."

"पण इथे तसं लिहिलेलं नाही. सेवाभावाने म्हणजे तुम्ही तिथे आवड म्हणून जाता का? उद्या त्यांनी नको म्हटलं तर तुम्ही काही मागू शकता का?"  मास्तरांनी पत्राची घडी करून तिच्या हातात ठेवली आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "बाई, रागावू नका, पण तुम्हाला नक्की नोकरी आहे ना?"

इतकी वर्षं ती रोज उजाडायच्या आत उठत होती. वाफेने तिच्या बोटांची सालं निघाली होती. आणि एका साध्या प्रश्नाला तिला हो म्हणता येईना. मी तिच्या जिभेच्या टोकावर उभा राहून ओरडत होतो, अगं, मला बोल! पण तिच्या हातातला कागद माझ्या विरुद्ध होता. ती हात हलवत परत आली. वाटेत तिने ते पत्र चुरगळलं, मग पुन्हा सरळ केलं, कारण शिक्क्याचा कागद फाडायची तिला भीती वाटली.

शनिवारी ती पुन्हा ताईंच्या ऑफिसात गेली. "ताई, नुसतं दरमहा पगार देतो एवढं लिहा. बाकी काही नको."

"तू असं का करतेस गं?" ताईंना खरंच वाईट वाटलं होतं. "एका शब्दासाठी अडून बसलीस? आपल्या नात्याला किंमत नाही का? तू मला बहिणीसारखी आहेस."

"बहिणीसारखी," घडीबाई हळूच म्हणाली.

"सारखी काय, बहीणच!"

घडीबाई तशीच वळली. घरी गेली. रविवारी सकाळी, सगळे हॉलमध्ये चहाला जमलेले असताना, ती दारातून आत आली. एका हातात पत्र्याची ट्रंक, डोक्यावर गादीची वळकटी. मागे मुलगी, तिच्या काखेत दोन उश्या आणि हातात स्टोव्ह. कोणाकडे न बघता दोघी जिन्याकडे निघाल्या.

"अगं बाई, कुठे निघालीस?" काकूंनी विचारलं.

"वर."

"वर कुठे?"

"ताईंकडे राहायला. पाहुण्यांची खोली रिकामीच असते ना? मास्तरांनी खोली द्यायचं थांबवलंय, भावाकडे जागा नाही. मग माणूस बहिणीकडे नाही जाणार तर कुठे जाणार?" आवाजात चेष्टा नव्हती. तिने ट्रंक पहिल्या पायरीवर ठेवली, दम खाल्ला, दुसऱ्या पायरीवर ठेवली. ट्रंकेचा आवाज वरपर्यंत जात होता. खाटांवरच्या म्हाताऱ्यांनी माना वर केल्या.

ताई धावत खाली आल्या. आधी त्यांना ही गंमत वाटली. "चल, वेडी कुठली!" असं म्हणून त्या हसल्याही. पण घडीबाईने वळकटी उतरवून जिन्याच्या वळणावर टेकवली आणि मुलीला म्हणाली, "जा गं, मावशीला नमस्कार कर." तेव्हा ताईंचं हसू मावळलं.

"हे बघ, हा तमाशा बंद कर. थोड्या वेळात भेटीची वेळ होईल, नातेवाईक येतील. काय म्हणतील?"

"बहीण राहायला आली म्हणतील."

"अगं, पण असं कसं कोणीही उठून राहायला येईल? काही रीत आहे की नाही?"

"कोणीही? मी कोणीही आहे का, ताई?"

"तू इथे कामाला आहेस!" ताई ओरडल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "कामाला आहेस तू! महिन्याच्या महिन्याला पगार मोजतो आम्ही तुला!"

आहाहा! काय सांगू तुम्हाला! त्या इमारतीत कितीतरी वर्षांनी मी पूर्ण छाती फुगवून उभा राहिलो.   काकूंचा हात सवयीने डब्याकडे गेला होता.

"राहू द्या काकू," घडीबाई म्हणाली.   "मला ताईंकडून दंड नको. ताई आत्ता जे बोलल्या ना, तेवढंच कागदावर लिहून हवंय."

आणि तेव्हा ताई जे बोलल्या त्याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या घडीबाईच्या जवळ गेल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुला कळत नाही का? एकदा पगार म्हटलं की मग भरपगारी रजा आली. मशीनमध्ये बोट सापडलं की दवाखाना आला. म्हातारपणाची सोय आली. कामावरून काढायचं तर कारण द्यायला हवं. कुठून आणू मी हे सगळं? देणग्यांवर चालतं हे."

ऐकलंत? म्हणजे माझा अर्थ ताईंना माहीत होता! पुरेपूर माहीत होता! मी कुठल्या जहाजातून आलो, माझे पूर्वज कोण, हे त्यांना ठाऊक नसेल. पण माझ्यामागून कोणकोण घरात शिरतं ते त्यांना तोंडपाठ होतं. म्हणून तर त्यांनी दार लावून घेतलं होतं आणि वर त्या दाराला 'कुटुंब' अशी पाटी लावली होती. इतके दिवस मी समजत होतो, बिचाऱ्या भाबड्या आहेत, त्यांना प्रेमाचं भरतं येतं. भाबड्या! आणि पैशांचं म्हणाल तर त्या इमारतीचं विजेचं बिल दर महिन्याला भरलं जात होतं. वीजवाल्यांना कोणी म्हणालं नाही की तुम्ही आमच्या घरचेच, यथाशक्ती घ्या. फिनेलवाल्याला कोणी केक भरवला नाही. जे पुरवठा तोडू शकतात त्यांचं बिल भरायचं, आणि जे काहीच तोडू शकत नाहीत त्यांना गाणं!

घडीबाईने एवढं सगळं बोलून दाखवलं नाही. ती म्हणाली, "ताई, माझी पोर कपाटाआड कपडे बदलते. मला तुमचं प्रेम नको असं नाही. पण मास्तर ते भाड्यात घेत नाहीत."

फाटकाशी पहिली गाडी थांबल्याचा आवाज आला. कोणाचे तरी मुलगा-सून भेटीला आले होते. जिन्यावर ट्रंक, वळकटी, स्टोव्ह आणि एक मुलगी मावशीच्या पाया पडायची वाट बघत उभी. ताईंनी एकदा फाटकाकडे पाहिलं, एकदा जिन्याकडे, आणि ताडताड ऑफिसात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात कागद होता. फुलाचं चित्र नव्हतं. "हे फक्त तुझ्यापुरतं," त्या दातांतून म्हणाल्या. "बाहेर बोलायचं नाही."

घडीबाईने कागद घेतला आणि तिथेच, जिन्याच्या पायरीवर उभी राहून, मोठ्याने वाचला. आलेल्या नातेवाइकांसमोर, काकूंसमोर, चहाचे कप धरून उभ्या असलेल्या सगळ्या बायकांसमोर. 'सदर महिला आमच्या संस्थेत धुलाई विभागात नोकरीस असून त्यांना दरमहा पगार देण्यात येतो.' आकडा आला तेव्हाही ती थांबली नाही. तिला वाचायची फार सवय नव्हती, ती अडखळत होती, पण माझ्यापाशी मुळीच अडखळली नाही. मग तिने वळकटी डोक्यावर घेतली, ट्रंक उचलली आणि मुलीला म्हणाली, "चल, मास्तर थांबलेत."

मास्तरांनी कागद एकदाच वाचला आणि खोली तिला दिली.

तुम्ही म्हणाल, झालं ना मनासारखं, मग आता कशाला चिडतोस? सांगतो. सोमवारी ताई तिच्याशी बोलल्या नाहीत, मंगळवारीही नाहीत. तिच्या वाढदिवसाला केक आला नाही. हे तिला चाललं. पण नव्या महिन्यात तिच्या सुट्टीचे पैसे कापलेच, ती भांडल्यावर परत दिले. काकू तिच्या मागोमाग ऑफिसाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, "मलाही तसंच लिहून द्या" म्हणाल्या. सगळ्यांत जास्त दंड वसूल करणाऱ्या काकू! त्यांच्या मागे आणखी दोघी गेल्या. बाकीच्या गेल्या नाहीत. "कशाला बाई उगाच, ताई दुखावतील," असं म्हणत त्या अजून मला 'ते'च म्हणतात. त्यांच्या तोंडात मी रोज गुदमरतो.

आणि आता खरं सांगू का, मित्रांनो? माझा सगळ्यांत मोठा राग ताईंवर नाही. तो तुमच्या घरांवर आहे. होय, तुमच्याच! तुमच्याकडे भांडी घासायला येते ती मावशी. तुमच्या आजोबांना आंघोळ घालतो तो दादा. तुम्हाला शाळेत सोडून परत आणतात ते काका. पाहुणे आले की तुमच्या घरातली मोठी माणसं काय म्हणतात? "त्या आमच्या घरच्यासारख्याच आहेत हो!" म्हणतात ना? मग विचारा त्यांना. घरच्यासारख्या आहेत तर तापाने फणफणल्या त्या दिवसाचे पैसे का कापले? घरच्यासारख्या आहेत तर जेवायला जमिनीवर का? आपण गावाला गेलो तेव्हा त्यांचा महिना अर्धा का केला? त्यांना पगार किती, तो कुठल्या तारखेला, सुट्ट्या किती, पडल्या-झडल्या तर कोण बघणार? 'हातावर काहीतरी ठेवतो' हे उत्तर चालवून घेऊ नका. मावशी स्वतः म्हणाली, "असू दे रे बाळा," तरी सोडू नका. असू दे म्हणायची तिला सवय लावली आहे.

तुम्हाला घरात ओरडा बसेल. मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस म्हणतील, फार शहाणा झालास म्हणतील. म्हणू देत. मला जपायचं तर मला पुस्तकात घालून ठेवू नका, माझी व्युत्पत्ती पाठ करून परीक्षेत चार गुण मिळवू नका. उद्या सकाळी मावशी भांड्याला बसेल, तेव्हा आईसमोर, सगळ्यांसमोर, मोठ्याने माझं नाव घ्या. मग घरात कोण गप्प होतं ते बघा.